‘नाही साहेब, आमच्यात तसं नसते’

आमच्या घरात शिरणाऱ्याला आधी माग दिसायचा, मग माणसं. पुढची खोली सगळी मागानंच खाल्लेली. जमिनीत मांडीएवढा खोल खड्डा, त्याच्या काठावर बाबा बसायचे, पाय खाली सोडून, आणि पायाखालच्या दोन फळ्या आळीपाळीनं दाबत दिवसभर धोटा इकडून तिकडं पळवायचे. पाहुणा आला की भिंतीला चिकटून आत यायचा, नाहीतर ताण्याच्या सुतात अडकायचा. भंडाऱ्याहून यष्टीनं तासाभरावरचं आमचं गाव, आणि गावातली आमची ही गल्ली म्हणजे तीस-चाळीस घरं, घराघरात माग. सकाळी उठल्यापासून खटाक-खट, खटाक-खट. माय म्हणायची, कोणाच्या घरी काय चाललंय ते मला चुलीपुढं बसून कळतं. आवाज थांबला म्हणजे तो जेवायला उठला. धोटा अडखळून राहिला म्हणजे नवरा-बायकोचं बिनसलं. मी सातवीनंतर शाळा सोडली आणि रहाटावर बसून कांड्या भरायला लागले. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या त्या. बाबांचा हात थांबायच्या आत पुढची कांडी भरलेली पाहिजे. आजही कुठं बसले की माझा उजवा हात आपोआप गोल फिरतो. नात विचारते, ‘आजी, काय करून राहिल्या?’ काय सांगू तिला!

घरात आम्ही चौघं. बाबा, माय, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठा वसंतादादा. दादाला लहानपणापासून जनावरांचं वेड. विणकराचं घर, दारात गाय नाही, बैल नाही, तरी हा पोरगा गावातल्या ढोरांच्या मागं. कोणाची बकरी अडली की हा तिथं. पुढं नागपूरला जनावरांच्या डॉक्टरकीला त्याचा नंबर लागला, तेव्हा गल्लीतले लोक म्हणायचे, ‘काय गा, ढोरडाक्टर! माह्या बायकोची नाडी पाहून दे ना, लई लाथा मारते.’ दादा हसायचा. सुट्टीत यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना औषधाचा वास असायचा. माय त्याच्यासाठी लाखोरीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी आणि सुक्या झिंग्यांची चटणी करायची, आणि तो ताटावर बसून गाईच्या चार पोटांची गोष्ट सांगायचा. माय मधेच म्हणायची, ‘जेवू दे ना रे बापा, मले शेन दिसून राहिलं डोळ्यापुढं.’

त्याचा नंबर राखीव जागेवर लागला होता. इथं थोडं थांबून सांगावं लागतं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही जातीनं हलबा. पण पिढ्यान्‌पिढ्या माग चालवला म्हणून लोक आम्हाला कोष्टी म्हणत, आणि आम्हीही कोणी विचारलं तर कोष्टीच सांगत असू. मायचं माहेर लाखांदूरकडचं, तिकडं तिचे भाऊ शेती करायचे, जंगलाला लागून राहायचे, ते नुसते हलबा. सरकारच्या आदिवासींच्या यादीत हलबा होते, पण आमच्या भागातले आधी धरत नसत. मग सरकारनं भागाची अट काढली, आणि आमच्या गल्लीतल्या शिकणाऱ्या पोरांनी दाखले काढले. दादानंही काढला. दाखला तहसीलीत मिळाला, नंबर लागला. पुढं नियम आला की असे दाखले एका समितीकडं तपासायला जातील. समिती कागद पाहणार, आणि या माणसांच्या चालीरीती खरोखर त्या जमातीच्या आहेत का, तेही पाहणार. जातीला चाल पुरावा होणार, हे आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर! आम्ही तर सगळा जन्म ती चाल लपवण्यात घालवला होता.

चाल म्हणजे काय, तर नवं खाणं. हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान निघालं की लाखांदूरहून मामा कणसांची एक पेंढी घेऊन यायचा. यष्टीतून उतरायचा तो पेंढी धोतरात गुंडाळून, जशी काही चोरीची. त्या दिवशी आमचा माग बंद. दार लावून घ्यायचे. माय ती कणसं हातानं चोळून तांदूळ काढायची, त्यांचा मूठभर भात करायची. बाबा आंघोळ करून कोपऱ्यात बसायचे, मोहाच्या पानांचे पाच दोने मांडायचे, पूर्वजांच्या नावानं एकेकात भाताची शितं, कोंबड्याच्या रश्श्याचा थेंब, आणि मामानं आणलेल्या शिशीतून मोहाच्या दारूची धार. नावं घेताना बाबांचा आवाज वेगळाच व्हायचा, खालचा, जणू कोणी पलीकडून ऐकतंय. त्यांच्या आज्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आणि त्याच्याही आधीचं एक नाव, जे आम्ही एरवी कधी उच्चारायचं नाही. मग आम्ही नवा भात खायचा. त्या आधी घरात कोणी नव्या तांदळाचं शीतही तोंडात घालायचं नाही. दुसऱ्या दिवशी माय त्याच तांदळाच्या पिठाचे आयते करायची, तव्यावर पातळ ओतून, जाळी पडलेले. त्यांच्या वासानं मला अजून मामा आठवतो.

दार लावायचं कारण गल्ली. माझ्या जन्माच्या आधीच जातीची सभा भरली होती म्हणे, आणि ठरलं होतं की आता आपण सुधारायचं. दारू बंद, कोंबडं बंद, लग्नाला, बारशाला ब्राह्मण बोलवायचा, सत्यनारायण घालायचा. जो जुनं करील त्याच्या घरी पंगतीला कोणी जाणार नाही. सगळ्यांनी हात वर केले. बाबांनीही केला. आणि मग प्रत्येक घर आपापलं दार लावून नवं खाऊ लागलं. कोणाच्या घरी कोणत्या दिवशी माग बंद आहे ते सगळ्यांना ऐकू यायचं, पण कोणी कोणाला विचारायचं नाही. आज नातवंडांना सांगितलं तर हसतात. ‘आजी, सगळेच करत होते तर लपवत कोणापासून होते?’ मी म्हणते, ‘बापा, एकमेकांपासून. आणखी कोणापासून?’

त्या वर्षी नवं खाणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दोने अजून कोपऱ्यातच होते, कारण ते संध्याकाळी नदीत सोडायचे असतात. बाबा सूत आणायला भंडाऱ्याला गेलेले, माय मामाला यष्टीवर पोचवायला गेलेली. घरात मी एकटी, वय सोळा, चुलीवर आयत्यांचं पीठ भिजवून ठेवलेलं. दारात एक साहेब उभे. सोबत चपराशी, हातात फायलींची पिशवी. ‘वसंत यांचं घर हेच का? समितीकडून आलोय, गृहचौकशीला.’ मी घाबरले. पण साहेबांना मी घाबरले नव्हते, खरं सांगते. त्यांच्या मागून सरूकाकू येत होत्या, घाबरले ती त्यांना पाहून.

सरूकाकू म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारी बाई, सभेच्या पुढाऱ्याची बायको. तिच्या बहिणीचा मुलगा भंडाऱ्याला कापडाच्या दुकानात होता, आणि त्याच्यासाठी माझं नाव निघालेलं होतं. अजून काही ठरलेलं नव्हतं, पण सरूकाकू येता-जाता माझ्याकडं पाहायच्या, भाकरी कशी थापते, पदर कसा घेते. मी त्या मुलाला एकदा जत्रेत पाहिलं होतं, पांढरा सदरा, केस मागं वळवलेले. बस, तेवढंच. सोळाव्या वर्षी तेवढं पुरतं.

साहेब चपला काढत होते तेवढ्यात मी आत पळाले. पाच दोने आणि शिशी उचलली. ठेवू कुठं? मागच्या दारी नेताना काकूंना पुढच्या दारातून दिसलं असतं. मी ते सगळं मागाच्या खड्ड्यात ठेवलं आणि स्वतःच काठावर बसले, बाबांच्या जागेवर, पाय खाली सोडून, पदर गुडघ्यावरून पसरून. बाई मागावर बसलेली पाहून काकूंच्या भुवया वर गेल्या. ‘काय वं सुमे, बाप मेला का तुहा, मागावर बसली ते?’

‘सूत तुटलं होतं काकू, जोडून राहिली.’

साहेब चांगला माणूस होता. आजपर्यंत मी त्यांना एक शिवी दिलेली नाही. खाटेवर बसले, पाणी प्याले, वही उघडली, आणि हळू आवाजात एकेक विचारायला लागले. कुळ कोणतं, मामा कुठले, लग्न कोणत्या महिन्यात. मी धडाधडा सांगत होते. मला वाचनाचा नाद, पुस्तकातली भाषा तोंडात बसलेली, तीच बोलत होते, कारण काकूंनाही ती ऐकू जायला हवी होती.

‘नवीन धान्य आलं की काही विधी करता का घरी? पूर्वजांना काही देणं वगैरे?’

माझा पाय खाली एका दोन्याला लागला होता. ओला होता तो. शिशीचं बूच नीट बसलं नव्हतं, आणि मला तो वास येत होता, असं वाटत होतं की सगळ्या घरभर येतोय. सरूकाकू चौकटीला टेकून उभ्या, सुपारी चघळायची थांबलेली.

‘नाही साहेब, आमच्यात तसं नसते.’

‘दारूचा, कोंबड्याचा नैवेद्य?’

‘छे हो! आमच्याकडं सत्यनारायण असतो. ब्राह्मण येतो. असलं काही आमच्या घराण्यात कधीच चालत नाही.’

‘कधीच?’

‘मी तर कधी पाहिलं नाही.’

साहेबांनी लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं. मी सही केली, सुंदर अक्षरात, आडनावासकट. उठताना म्हणाले, ‘छान बोलता तुम्ही. शिकायला हवं होतं पुढं.’ काकू जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या. मला त्या दिवशी वाटलं, मी घराची अब्रू राखली. माय आली तेव्हा मी सांगितलं, ‘साहेब येऊन गेले, मी सगळं नीट सांगितलं.’ मायनं विचारलं नाही काय सांगितलं. तिला वाटलं, पोरगी हुशार आहे.

चार-सहा महिन्यांनी समितीचा कागद आला. दाखला रद्द. कारण दिलं होतं, आज्याच्या शाळेच्या नोंदीत ‘कोष्टी’ आहे, आणि गृहचौकशीत जमातीशी नातं दिसत नाही. कॉलेजनं दादाला नोटीस दिली. तेव्हा तो तिसऱ्या वर्षाला होता. बाबांनी माग थांबवला आणि दादासोबत नागपूरला वकिलांकडं गेले. मीही गेले, कारण माय म्हणाली, बाप वकिलाशी भांडेल, मधे कोणी पाहिजे. वकील म्हातारे होते, चष्म्यावरून पाहणारे. त्यांनी फाइल चाळली आणि बाबांना समजावलं, ‘हे बघा, हायकोर्ट तुमची जात ठरवत नाही. ते समितीचं काम. समितीनं ठरवताना रीत पाळली का, तुमचं ऐकून घेतलं का, कागद बघितले का, एवढंच कोर्ट बघतं.’

बाबा म्हणाले, ‘म्हंजे भाजी खारट झाली का नाही ते नाही पाहत. रांधनारीनं हात धुतले का, तेवढंच पाहते?’

वकील इतके हसले की त्यांना खोकला आला. ‘तुम्हीच उभे राहा हो माझ्या जागी!’

आणि हात धुतले नव्हते, असं निघालं. गृहचौकशीचा अहवाल समितीनं आम्हाला दाखवलाच नव्हता, त्यावर म्हणणं मांडायची संधी दिली नव्हती. एवढ्यावर कोर्टानं तो हुकूम रद्द केला आणि समितीला सांगितलं, अहवालाची नक्कल द्या, ऐकून घ्या, पुन्हा ठरवा. तोवर मुलाला शिकू द्या. आमच्या गल्लीत गुलाल उडाला. लोकांना वाटलं, दादा जिंकला. सरूकाकूंचा नवरा हार घेऊन आला. बाबाही हसत होते, वकील मात्र जाताना दोनदा म्हणाले होते, ‘परत पाठवलंय फक्त. जिंकलो नाही अजून.’ ते कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं होतं. कारण आता अहवालाची नक्कल येणार होती.

नक्कल दादाच्या हाती आली. तो सुट्टीत घरी आला त्या दिवशी मी त्याच्या तोंडाकडंच पाहत होते. जेवला नीट. मायनं विचारलं, ‘काय लिहून हाय गा त्याच्यात?’ तो म्हणाला, ‘तेच, आज्याच्या शाळेचं.’ मी भांडी घासायला मागं गेले, तर तो पाणी प्यायला तिथं आला. मी राख हातात घेऊन म्हटलं, ‘दादा, माह्यं काही आलं का त्याच्यात?’

‘तुह्यं कायले येते? तू काय मोठी महाराणी लागून गेली का?’ आणि ओंजळभर पाणी माझ्या अंगावर उडवून गेला.

मी सुटले. अशी सुटले की त्या रात्री गाढ झोपले. माणूस किती लवकर विश्वास ठेवतो, आपल्याला हवं ते ऐकू आलं की! नंतर कितीतरी वर्षं मी तोच घोट गिळून जगले. साहेबांनी लिहिलं असेल, पण महत्त्वाचं नसेल. पोरीचं बोलणं, त्याला काय किंमत.

दुसऱ्या सुनावणीला माय आणि मामा गेले. मायनं सगळं सांगितलं. मामा तर पेंढी घेऊनच गेला होता, आणि साहेबांपुढं दोना लावून दाखवला. परत आली तेव्हा माय चुलीपाशी बसून राहिली. म्हणाली, ‘एवढी वर्षं दार लावून केलं, आन् आज ऑफिसात पंख्याखाली सांगितलं. नावंही घेतली मी, तुह्या बापाच्या आज्याची. ते लिहून घेत होते.’ तिला लाज वाटत होती की हलकं वाटत होतं, मला तेव्हाही कळलं नाही, आताही नाही. ‘अन् काय म्हटलं त्यांनी?’ मी विचारलं. ‘एकानं म्हटलं, मंग आधी काहून नाही सांगितलं? म्या म्हटलं, आधी आम्हाले कोनी विचारलं?’ मी रहाटाकडं वळले. कांडी भरलेली होती, तरी फिरवत राहिले.

त्याच वैशाखात माझं लग्न झालं. त्याच मुलाशी. सरूकाकू माझ्या मावससासू झाल्या. लग्नाला ब्राह्मण होता, मांडवात बाजा होता, आणि दादा वऱ्हाडाच्या पायाला पाणी देत फिरत होता. मी भंडाऱ्याला आले. घर चांगलं होतं, नवरा चांगला निघाला, तक्रार नाही. माझ्या सासरीही हलकं धान आलं की एक दिवस पुढचं दार लागायचं. पहिल्या वर्षी सासूनं मला दोने लावायला दिले तेव्हा माझ्या हातून एक कलंडला. तिला वाटलं, नवी आहे.

समितीनं पुन्हा नामंजूर केलं. दादा पुन्हा कोर्टात गेला. खटला चालत राहिला, तो शिकत राहिला, कोर्टाच्या हुकुमावर. प्रत्येक वर्षी फी भरताना त्याला तो हुकूम दाखवावा लागायचा. मित्र म्हणायचे, ‘आमचं ओळखपत्र खिशात मावते, वसंत्याचं दोन पानांचं हाय.’ शेवटच्या परीक्षेला बसला, पेपर चांगले लिहिले. त्याचा निकाल कॉलेजनं बंद पाकिटात ठेवला, खटल्याचा निकाल लागेपर्यंत. मग खटल्याचा लागला. या वेळी समितीनं रीत पाळली होती, कागद दिले होते, ऐकलं होतं, कारणं लिहिली होती. कोर्टानं अर्ज फेटाळला. दादाचं पाकीट कोणी फोडलंच नाही. तो पास होता की पहिला होता, हे आजपर्यंत आम्हाला माहीत नाही.

बाबांनी माग विकला नाही, पण त्यावर बसलेही नाहीत फार. पुढं गल्लीतले मागच एकेक करून थांबले, ती गोष्ट वेगळी. दादा साकोलीला एका राइस मिलमध्ये लागला. धान उकडायच्या भट्टीवर देखरेख. लोक तिथंही त्याच्याकडं गाई-बकऱ्या घेऊन यायचे. तो पाहायचा, हात फिरवायचा, पोटाला कान लावायचा, आणि म्हणायचा, ‘दवाखान्यात ने. डाक्टरले सांग, डाव्या अंगाले फुगलं हाय.’ औषध कधी दिलं नाही, चिठ्ठी कधी लिहिली नाही. एकदा एका म्हातारीनं पाय धरले, रात्रीत म्हैस मरेल म्हणाली. हा तिच्यासोबत चालत दवाखान्यापर्यंत गेला, डॉक्टरच्या दाराशी उभा राहिला, आणि आत गेला नाही. हे वहिनीनं मला सांगितलं. ती म्हणाली, ‘ताई, दारापाशी उभं राहून हे आतलं सगळं पाहत होते, जसं पोरगं हलवायाच्या दुकानात पाहते.’

बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत निकालाची नक्कल सापडली. इंग्रजीत, टाइप केलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. मी ती पदराखाली घालून भंडाऱ्याला आणली. का आणली, सांगता येत नाही. माझ्या मुलांच्या इंग्रजीच्या पुस्तकांवर मी थोडी थोडी अक्षरं शिकले होते, पाटीवरच्या ‘बसस्टॅंड’पर्यंत मजल होती. आता डिक्शनरी घेतली, आणि दुपारी सगळे झोपले की एकेक शब्द लावत बसायचे. एका ओळीला एक दुपार. कोर्टाची भाषा म्हणजे कांजी लावलेलं सूत, वाकतच नाही. चार महिने गेले. पहिल्या पानांत दादाचं नाव, आज्याची शाळा, जुनी भांडणं. मग एक परिच्छेद आला, आणि त्यात ‘सिस्टर’ होतं. तो शब्द मला येत होता.

तो सगळा परिच्छेद माझाच होता. मी काय म्हणाले ते लिहिलेलं, शब्दाला शब्द. पुढं लिहिलेलं की अर्जदाराची आई आणि मामा आता वेगळं सांगतात, पण घरातल्या मुलीनं आपल्या मनानं, कोणी शिकवलेलं नसताना दिलेला जबाब समितीनं जास्त धरला, यात रीतीविरुद्ध काही नाही. आणि त्याच्या खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या लावायला मला दोन दिवस लागले, कारण पहिल्यांदा लागल्या तेव्हा माझा विश्वास बसला नाही. लिहिलं होतं की समितीनं अर्जदाराला त्या बहिणीला हजर करायची संधी दिली होती. तिनं येऊन आपलं म्हणणं बदललं असतं, तर समिती त्याचा विचार करणार होती. अर्जदारानं तिला आणायला नकार दिला. कारण सांगितलं नाही.

मी त्या रविवारी साकोलीची बस धरली. दादा मिलमधून नुकताच आला होता, अंगावर तुसाची धूळ, ओसरीत बसून हात-पाय धूत होता. केस सगळे पांढरे. वहिनी चहा ठेवायला आत गेली. मी पिशवीतून तो कागद काढला आणि त्याच्या पुढं धरला. त्यानं पाहिला. ओले हात, म्हणून हातात घेतला नाही.

‘इंग्रजी वाचते आता,’ तो म्हणाला. ‘वा, बापा.’

‘मले काहून नाही नेलं, दादा?’

‘तुह्यं लगन होतं वैशाखात.’

‘मोडलं असतं तर मोडलं असतं. तुह्यं सारं आयुष्य गेलं ना!’

तो लोट्यातलं उरलेलं पाणी अंगणात फेकून आला, पुन्हा बसला. रागावला नव्हता. मी त्याला आयुष्यात कधी रागावलेला पाहिलाच नाही, हे माझं नशीब की त्याचं, देव जाणे.

‘आता म्हनते तू,’ तो म्हणाला. ‘मी तवा विचारलं असतं तुले, का चाल सुमे, साहेबापुढं सांग, सरूकाकू अन् सारी दुनिया ऐकनार हाय, सांग का मी खोटं सांगितलं होतं... तू काय म्हटलं असतं?’

मी तोंड उघडलं. मला ‘आली असती’ म्हणायचं होतं. तो माझ्याकडं पाहत होता, शांत, जसा तो बकरीच्या पोटाला कान लावून ऐकायचा. आणि मी तो कागद घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवला. कारण मला ती सोळा वर्षांची पोरगी आठवली, आणि अठराव्या वर्षाची, हळद लागायला टेकलेली, आणि तिचं उत्तर मला लख्ख माहीत होतं. त्यालाही तेव्हाच माहीत होतं. म्हणून त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी दुसऱ्यांदा नाही म्हटलं असतं, आणि या वेळी त्याच्या तोंडावर.

वहिनीनं चहा आणला. आम्ही दोघांनी बशीत ओतून घेतला.